पेनड्राइव्ह कोणी लावला?

गिरगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते. त्या सकाळी कामाआधी मी माझा पेनड्राइव्ह लावला. आदल्या दिवशी त्यातून फणसवाडीतल्या झेरॉक्सवाल्याकडे चाळीच्या मीटिंगची नोटीस छापली होती, तिच्यात राहिलेली एक चूक दुरुस्त करायची होती. तासाभरात रिपोर्टचे फोल्डर उघडेनासे झाले. आधी माझे, मग शेजारच्या टेबलावरच्या काकूंचे, मग रक्त तपासायच्या यंत्राला जोडलेल्या कॉम्प्युटरवरचे.

इंजिनिअर आला. "वर्म आहे," म्हणाला. "व्हायरस पसरायला कुणीतरी फाईल उघडावी लागते. ह्याला नाही लागत. एकदा आत शिरला की नेटवर्कवरची मशीन स्वतःच शोधतो. अपडेट न केलेलं दिसलं की घुसतो, आपली कॉपी ठेवतो आणि पुढे निघतो. इथे बहुतेक पेनड्राइव्हमधून आलाय."

"पेनड्राइव्ह कोणी लावला होता?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या रोज पेनड्राइव्हवरची भजनं ऐकत काम करायच्या.

"आज नाही हो लावला मी," काकू म्हणाल्या.

मी रिपोर्टचे कागद पुढे ओढले.

बाहेर माणसं रिपोर्टसाठी ताटकळत होती. मी हाताने आकडे लिहीत होते, एकेक आकडा तीनतीनदा ताडून बघत होते. तहान नसताना दोनदा पाणी प्यायला उठले. इंजिनिअरने काकूंचं मशीन साफ करून नेटवर्कला जोडलं. दहा मिनिटांत वर्म परत हजर. पुन्हा साफ केलं, पुन्हा तेच.

"येतोय कुठून हा?" तो वैतागला.

"मी लावला होता," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की परत सांगावं लागलं.

"मग इतका वेळ मूग गिळून का बसलीस?" मॅडम कडाडल्या.

इंजिनिअरने सगळ्या केबल काढल्या, माझ्या मशीनपासून सुरुवात केली. संध्याकाळी लॅब चालू झाली. मी तडक झेरॉक्सवाल्याकडे गेले, वर्म तुझ्या कॉम्प्युटरवरून आलाय, गिऱ्हाइकांना सांग म्हटलं. "ताई, दिवसभर पन्नास जण येतात, कुणाकुणाला सांगू?" तो म्हणाला. घरी बसवेना. चाळीत दार वाजवत फिरले, त्याच्याकडे लावलेला पेनड्राइव्ह घरी लावू नका म्हणून. दोन घरांत उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी काकूंची माफी मागितली.

"सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "सगळे बघायला लागले ना, तेव्हा मलाच वाटलं गं, लावला असेन मी."