आत्याबाईंची वॉरंटी

दिलेला शब्द पाळायची पद्धत कोल्हापुरात अजून टिकून असेल, तर ती माझ्या नवऱ्याच्या आत्याच्या धाकानं टिकून आहे, असं माझं ठाम मत आहे. घरात आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, गडमुडशिंगीत सगळं गाव आत्याबाई म्हणतं, आणि आमच्या राजारामपुरीतले दुकानदार तर त्या लांबून दिसल्या की 'आत्याबाई आल्या' एवढंच एकमेकांना सांगून आपापला माल उगाचच एकदा तपासून घेत. रोज सकाळी दुधाच्या दोन किटल्या घेऊन त्या वडापच्या, म्हणजे सीटमागं पैसे घेणाऱ्या जीपमधून उतरायच्या आणि आपल्या ठरलेल्या घरी दूध घालत फिरायच्या. कोंबून भरलेल्या त्या जीपमध्येही आत्याबाईंच्या किटल्यांना कुणाचा पाय लागत नसे. आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाला बेल वाजवून बोलवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. बोलणं या भागातल्या जुन्या बायकांसारखं, म्हणजे 'मी जाते, मी येते' असं न म्हणता 'मी जातो, मी येतो' असं. मी नाशिकची. लग्न होऊन आले तेव्हा 'मी येतो म्हणून सांगितलं न्हवं?' हे ऐकून मी दारामागं कुणी पुरुष उभा आहे का ते बघितलं होतं.

त्यांच्या आयुष्याचा कायदा एकच. वस्तू खराब निघाली की जिथून आणली तिथं परत न्यायची. नारळ खराब निघाला की दोन्ही वाट्या घेऊन दुकानात जायचं आणि दुकानदाराला आधी वास घ्यायला लावायचा. एकदा नवा चष्मा टोचतो म्हणून त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि तो त्यांनाच घालायला लावून, 'आता चालून दावा' म्हणाल्या. डॉक्टर खरंच दारापर्यंत चालून आले. भांडण मात्र त्या कधी करत नसत. शिवी नाही, त्रागा नाही. त्या नुसत्या बसत. किटल्या शेजारी ठेवून, पदर खोचून, आता संध्याकाळपर्यंत दुसरं काही काम नाही अशा निवांतपणे बसत, आणि समोरच्याला दरदरून घाम फुटत असे.

हाच कायदा त्या स्वतःलाही लावत, म्हणून त्यांचा कुणाला राग येत नसे. दूध नासलं अशी तक्रार आली की दुसरं दूध लगेच, एका शब्दानं चौकशी न करता. एक नवीन गिऱ्हाईक वरचेवर नासलेलं दूध दाखवायला लागलं, तेव्हा माझा नवरा म्हणाला, "आत्या, तो लिंबू पिळून पनीर करत असणार." आत्याबाई म्हणाल्या, "मला काय कळंना झालंय व्हय? खाऊ दे की पनीर." आणि एकदा त्यांनीच सुचवलेलं एक स्थळ जुळलं, लग्न झालं, आणि नवराबायकोचं पटेना. 'स्थळ मी दाविलंय, म्हंजे जबाबदारी माझी' म्हणून आत्याबाई पिशवी घेऊन त्या दोघांच्या घरी राहायलाच गेल्या. यांना घालवायचं कसं, याचा विचार करता करता त्या दोघांना एकमेकांशी बोलावंच लागलं. आता त्यांना दोन मुलं आहेत.

एवढं सगळं ठाऊक असूनही, माझा लॅपटॉप बिघडला तेव्हा आत्याबाईंना सांगावं असं माझ्या मनात आलं नव्हतं. लग्नानंतर नाशिकची नोकरी सुटली होती. इथं अर्ज करून करून मी थकले होते, आणि मग पुण्यातल्या एका प्रकाशकानं शाळेच्या पुस्तकांचा मजकूर टाइप करून पानं जुळवायचं काम घरी बसून करायला दिलं. आधी एक पुस्तक करून दाखवा, जमलं तर कायम, अशी अट होती. नवा लॅपटॉप घेतला, मराठी टाइप करायला सोपं जावं म्हणून कळांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावले, आणि पहिलंच पुस्तक अर्ध्यावर आलं असताना पडदा काळा झाला तो झालाच. सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन दिला. तिकडून फोन आला, "मॅडम, आत पाणी गेलंय. हे वॉरंटीत बसत नाही." त्या लॅपटॉपच्या आसपास मी पाण्याचा पेला कधी येऊ दिला नव्हता. मी फोनवर सांगितलं, लेखी कळवलं, जाऊन सांगितलं. प्रत्येक वेळी उत्तर तेच, आणि तेही इतकं गोड की आपणच झोपेत पाणी ओतलं असेल असं वाटायला लागावं. नवरा म्हणाला, सोडून दे. मी सोडून दिलं आणि स्वयंपाकघरात रडत बसले. तेवढ्यात आत्याबाई दूध घेऊन आल्या.

"कोण गेलं गं?"

"कुणी नाही हो आत्याबाई. लॅपटॉप बिघडलाय." मी सगळं सांगितलं. वॉरंटी या शब्दापाशी त्यांनी मला थांबवलं.

"म्हंजे काय आसतंय ते?"

"वर्षाच्या आत बिघडला तर फुकट दुरुस्त करून देऊ, असं कंपनी म्हणते."

"म्हणालीय न्हवं? मग रडतीस कशाला पोरी? त्वांड धू. चल."

सर्व्हिस सेंटर पहिल्या मजल्यावर होतं. गार हवा, काचेचं काउंटर, टोकन घेऊन गप्प बसलेली माणसं. आत्याबाईंनी किटल्या काउंटरला टेकून ठेवल्या. समोरच्या मुलीनं माझी पावती बघितली आणि म्हणाली, "आजी, आत लिक्विड डॅमेज आहे."

"पाणी गेलंय म्हण की सरळ. दाव."

"काय दाखवू?"

"पाणी. गेलंय म्हणतीस न्हवं? कुठं गेलंय ते दाव."

"आजी, आतला भाग दाखवायची पॉलिसी नाही."

"पॉलिसी माझ्या भावाची बी हाय. ती तो मेल्यावर मिळनार हाय. तू आत्ता पाणी दाव."

आणि त्या बसल्या. शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "पावणं, तुमचं काय बिघडलंय?" त्यानं सांगितलं. मग त्याच्या पलीकडच्याचं विचारलं. थोड्या वेळात ती गप्प बसलेली माणसं एकमेकांशी बोलायला लागली, कुणाचं काय आणि कधीपासून पडून आहे ते सगळ्या मजल्याला कळलं, आणि आवाज वाढला तसे आतून मॅनेजर बाहेर आले.

"आजी, काय अडचण आहे?"

"अडचण न्हाय. मी दूध घालतो राजारामपुरीत. दूध नासलं म्हणून कोण आलं तर मी दुसरं देतो. तुमचं भांडं खरकटं हुतं का म्हणून इचारत न्हाय. पर समजा म्हणालोच, तुमचं भांडं खरकटं, तर भांडं तरी दावीन का न्हाय? तुमी नुसतं फोनवर म्हणालासा. पोरीनं इस्वास कसा ठेवायचा?"

मॅनेजरनी एकदा किटल्यांकडे बघितलं. मग त्यांनी लॅपटॉप बाहेर आणायला सांगितला. एका तंत्रज्ञानं तो टेबलावर उपडा ठेवून उघडला आणि आतल्या पट्टीवर बोट ठेवलं. पट्टीवर हिरवट पांढरा डाग होता, पाणी वाळल्याचा. आमच्यासारख्यांनाही कळावा इतका स्पष्ट. आत्याबाई खाली वाकून बघत होत्या. मग सरळ झाल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "गेलंय गं पोरी पाणी." त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यात माझ्याबद्दल शंकेचा लवलेश नव्हता. घरातलं कुणी आजारी असल्याचं सांगावं तसं त्या बोलल्या आणि माझा हात धरला.

तंत्रज्ञानं झाकण लावून लॅपटॉप सुलटा केला, उघडला. आणि मी ओरडलेच, "अहो, हा माझा नाहीच!" कळांवर इंग्रजी अक्षरं होती. नुसती इंग्रजी. माझे देवनागरी स्टिकर कुठंच नव्हते.

मग धावपळ झाली. दोन सारख्या लॅपटॉपच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. माझा लॅपटॉप कपाटात खालच्या खणात, तपासून नुसता ठेवलेला, दुरुस्तीला अजून कुणी हात लावला नव्हता. मॅनेजरचा चेहरा पडला. ते परत परत माफी मागायला लागले, आणि आता गडगडाट होणार म्हणून सगळा मजला कानात प्राण आणून बसला. आत्याबाई म्हणाल्या, "आसू दे. एका रंगाच्या म्हशी, हुतंय आसं. माझं बी झालंय." मग जरा विचार करून म्हणाल्या, "पर ज्याचं हे भिजल्यालं हाय, त्याला काय सांगितलंयसा?"

मॅनेजरनी चिठ्ठी बघितली. "इचलकरंजीचे एक जण आहेत. त्यांना... फुकटात होईल असं कळवलंय."

"मग आता दिलाय न्हवं शब्द?"

त्या इचलकरंजीच्या माणसाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. पण मॅनेजरनी कपाळाला हात लावला, आणि मग मान हलवली, एवढं मी बघितलं.

माझा लॅपटॉप वॉरंटीत दुरुस्त होणार हे ठरलं, पण लागणारा भाग बाहेरून यायचा होता आणि पानं तर त्याच आठवड्यात द्यायची होती. जिना उतरताना मी हे बोलले मात्र, आत्याबाई घराकडे वळायच्या ऐवजी पुढच्या गल्लीत शिरल्या. तिथं एक कोचिंग क्लास होता. तिथल्या चहाला दूध त्यांचं. क्लासचे सर फळ्यापाशी उभे होते. "सर, तुमच्याकडं कंप्यूटर हाय न्हवं? माझी सून चार रोज हितं बसंल. तिचं पुस्तक आडलंय." सर हातातला खडू ठेवून आत गेले आणि खुर्ची पुसून आले.

मी तिथं बसून सगळी पानं पहिल्यापासून जुळवली. पलीकडे मुलं मोठ्यांदा सूत्रं पाठ करायची, आणि आत्याबाई सकाळी फेरी संपवून डोकावून जायच्या. "वरडू नकासा रं, आत माझी सून पुस्तक करतीया!" असं त्या सांगायच्या, वर्गातल्या सगळ्या मुलांच्या एकत्र आवाजापेक्षा मोठ्यांदा. पुस्तक वेळेत गेलं, काम कायम झालं. लॅपटॉप परत आणायला गेलो तेव्हा आत्याबाईंनी सेंटरमधल्या सगळ्यांना खरवस नेला होता. काउंटरवरच्या मुलीला दोन वड्या जास्त दिल्या, 'लई ताप दिला बाई तुला' म्हणून. त्या दिवसापासून माझ्या हाताला काम नाही असा दिवस गेलेला नाही, आणि ते काम कुणामुळं टिकलं हे मी विसरलेले नाही.

आता आत्याबाईंचे गुडघे गेले. राजारामपुरीला येणं बंद झालं, म्हशी एकेक करून विकल्या. आमच्याकडे पिशवीचं दूध येतं. ते नासलं तर मी मुकाट्यानं ओतून टाकते. गेल्या रविवारी आम्ही गडमुडशिंगीला गेलो, तेव्हा मी जुळवलेलं एक नवं पुस्तक त्यांना दाखवायला नेलं होतं. त्यांनी ते उलटंसुलटं करून, पानांचा वास घेऊन बघितलं. "ह्यात तुझं नाव कुठं हाय?"

मी आतल्या पानावर तळाशी बोट ठेवलं. अक्षरजुळणी, आणि पुढं माझं नाव. त्यांनी चष्मा पुसला आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

"एवढं बारीक?"

"तसंच असतं, आत्याबाई."

मला वाटलं, आता म्हणतील, फोन लाव त्यास्नी, न्हाईतर चल, जाऊ पुण्याला. नवऱ्यानंही हसून माझ्याकडे बघितलं. पण आत्याबाईंनी पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "हाय न्हवं, मग झालं."

त्या भांडल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं मला परतीच्या वाटेवर कोल्हापूर येईपर्यंत वाटत होतं.