वॉल्टरकाकांची शेवटची ओळ

आमच्या कुकरची शिट्टी झाली की वरच्या मजल्यावरून वॉल्टरकाका खाली यायचे. "ताई, आज शिट्टी अर्धा सूर खाली आहे. आपण वॉशर बदलावा." आणि खरंच वॉशर गेलेला असायचा. आता काका नाहीत, आमच्या कुकरची चौकशी कोणी करत नाही.

हे गृहस्थ अमेरिकेतले नावाजलेले संगीतकार. तिकडे त्यांच्या नाटकांतल्या चाली म्हणे टॅक्सीवाले गुणगुणायचे. उतारवयात राग शिकायला पुण्यात आले आणि सदाशिव पेठेत आमचे भाडेकरू झाले. मराठी पुस्तकातलं, त्यामुळे दूधवाल्यालाही 'आपण' म्हणायचे. पत्नी गेल्यापासून मात्र त्यांनी एकही चाल बांधली नव्हती. "सुचतच नाही हो, ताई."

माझ्या लेकीचं, मुग्धाचं लग्न ठरलं आणि तिने गळ घातली, "काका, शेवटच्या मंगलाष्टकाची चाल तुमची!" शब्द तिच्या आत्याचे. दोन्ही घरांतली झाडून सगळी नावं वन्संनी त्यात कोंबली होती. काका दिवसभर पेटी घेऊन बसू लागले. जेवायला हाक मारली तरी ओ देत नसत. "गाण्याची पहिली ओळ लोकांची, शेवटची माझी," असं ते नेहमी म्हणत. त्या शेवटच्या ओळीआधी त्यांनी एक थांबा ठेवला होता.

लग्नात ते स्वतः गायले. कार्यालय चिडीचूप. ते थांब्याशी आले, थांबले आणि घात झाला! भुकेल्या पाहुण्यांना वाटलं, संपलं. अक्षता उडाल्या, सनई सुरू झाली, अंतरपाट सरकला. काका माइकपुढे तसेच उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असू द्या, ताई," केसांतले तांदूळ झटकत ते म्हणाले. "लग्न लागलं ना?" पण पंगतीत त्यांनी जिलबीला हात लावला नाही.

पाठवणीच्या वेळी सगळ्यांना नमस्कार करून मुग्धा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, राहिलेली ओळ म्हणा. त्याशिवाय मी गाडीत बसणार नाही."

जावयांनी गाडी बंद करायला लावली. काकांनी डोळे मिटले. या वेळी कोणी हललंसुद्धा नाही. मग ती ओळ आली, इतकी साधी आणि मायेची, की मला रडू आवरेना.

वन्संनी पर्स उलटीपालटी केली, पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांवर खेकसल्या, "मघाशीच उधळून मोकळे झालात ना! आता टाकू काय?"