नाकावरचा तीळ आणि देवीचा कौल

प्रयोगशाळेत मी माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवते, निरोगी आणि गाठीतल्या, दोन्ही. उन्हाने पेशीत कचरा साठतो, तो झाडून काढणारी विकरं पेशीतच असतात, आणि गाठ धरू लागली की बऱ्याचदा त्यांचं काम मंदावतं. हे सगळं ऐकून, धारगळच्या हमरस्त्यावर उन्हात कलिंगडं विकत उभा जन्म काढलेले माझे बाबा एवढंच विचारायचे, "जेवली मगे तुजी पोरां?" पोरां म्हणजे पेशी.

मग त्यांच्याच नाकपुडीवरचा काळा तीळ चकाकू लागला, त्यातून रक्त येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, त्वचेचा कर्करोग, सावकाश वाढणारा. आत्ता कापला तर निभावेल, थांबलात तर नाक जाईल. बाबांनी माझंच शास्त्र माझ्यावर उलटवलं. दोन्ही वेळा सोलकढी, आणि तिळावर भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल.

"झाडूवाल्यांका बळ येतला," ते म्हणाले.

"गाठीतल्या झाडूवाल्यांनाही आलं आणि गाठच पोसली तर?" मी म्हटलं. ते रुसले. मला हसूही येत होतं आणि रडूही.

शेवटी त्यांनी देवीवर सोपवलं. आमच्याकडे अडलं की प्रसाद लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली असती तर बाबा पुन्हा डॉक्टरांची पायरी चढले नसते.

पुजारी गाऱ्हाणं घालणार इतक्यात आई पुढे झाली. "कापूचा काय नाय, ता इचारू नुको. म्हापशाक कापूचा काय पणजेक, तितक्याच इचार. उजवी म्हापसा, डावी पणजी."

बाबांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण देवीसमोर भांडायची सोय नव्हती. डावी पडली.

पणजीत गाठ निघाली, नाक राहिलं. कापलेल्या कडा स्वच्छ, म्हणजे गाठ पुरती निघाल्याचा अहवाल आला तेव्हा बाबा नाकावर पट्टी लावून आरामात पेज जेवत होते. मी कामावर परत निघाले, तर त्यांनी नेहमीचं विचारलं नाही.

"तू पोसतस ती पोरां कोणाच्या आंगावरली गो? तो बरो झालो?"

मला माहीत नव्हतं. पेशींच्या बाटलीवर नुसते आकडे असतात.

सोमवारी मी त्या पेशींना खाद्य घातलं, आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं आणि हळूच विचारलं, "जेवलात?"