मेश्राम सरांची शेड

हे मी नवऱ्याजवळही कधी बोलले नाही. बोलायला जाते आणि भलतंच सांगून मोकळी होते – सर किती जीव लावायचे, काकू जेवल्याशिवाय कशा सोडत नसत. ते खोटं नाही. पण ते पुरतंही नाही ना?

कापसाची ती वाईट वर्षं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगा बंद पडत होत्या, नवं बांधकाम क्वचितच निघे. इमारतींचं गणित करणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या इंजिनिअरांना मी यवतमाळहून मदत करायचे. फोनवर जमलं नाही तर त्यांच्या घरी जायचे. दारव्ह्याचे मेश्राम सर त्यातले सगळ्यात जुने. निवृत्तीनंतर गोदामांच्या शेडची डिझाइनं करत. सॉफ्टवेअर पहिल्या आवृत्तीपासून वापरत, तरी प्रत्येक उत्तर कागदावर हातानं पडताळत. मी दारात दिसले की काकूंना हाक मारत – कम्प्युटरची डॉक्टरीण आली म्हणून.

नवी आवृत्ती आली तेव्हा त्यांच्या जुन्या फायली मीच त्यात उतरवल्या. घाईत. तपासल्या नाहीत.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. आर्णीच्या एका शेडचं गणित जुळत नव्हतं. वाऱ्यानं ती कागदावर जेवढी हलत होती, त्याच्या कितीतरी पट कम्प्युटरवर हलत होती. आठवडाभर ते तेच गणित पुन्हा पुन्हा मांडत बसले होते.

मी गेले. पाहताक्षणी समजलं. खांबांचे तळ जमिनीत घट्ट धरलेले हवे होते. फाइल उतरवताना मी ते बिजागरीसारखे सैल सोडले होते. कागदावरचं सगळं बरोबर होतं.

सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. हळूच म्हणाले, "पोरी, माह्यंच चुकलं असन न कुठंतरी?"

नाही म्हणायला काय लागलं असतं? ते रागावले असते? मुळीच नाही. हसले असते, काकूंना चहा टाकायला सांगितलं असतं. मला भीती वाटली ती वेगळीच – मी त्यांच्या नजरेतून उतरेन.

"हो सर," मी म्हणाले. "वयानं होतं असं कधीकधी."

वयानं. तो शब्द त्यांनी काढला नव्हता. मी काढला.

मी तळ घट्ट केले, आकडे कागदाशी जुळले; ते सैल आपल्याच हातून राहिले, असं सरांनी धरलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ती शेड नीट उभी राहिली. पण सर साध्या बेरजेसाठीही फोन करू लागले – बघ न, बरोबर आहे का. बरोबरच असायचं. मग फोन कमी झाले. मग थांबले.

पुढे काकू यवतमाळच्या बाजारात भेटल्या. "तुह्ये सर कम्प्युटर उघडतच नाही आता," म्हणाल्या. "म्हनते, माह्यं डोकं गेलं. त्या दिवशी पोरगी नसती तर शेड पडली असती, लोकं मेले असते." आणि माझा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या.

तेव्हा तरी खरं सांगता आलं नसतं? दारव्हा जवळच होतं, तिकडे जाणारी जीप समोर उभी होती. मी म्हटलं, "आराम करू द्या त्यांना."

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आपली बुद्धी आपल्याला सोडून गेली, असं समजूनच ते गेले. ती कुठेही गेली नव्हती. हे माहीत असणारी मी एकटी होते – आणि मी गप्प राहिले.