गाडी लावायला जागा

आबांनी माझी स्कूटर टेम्पोत चढवली आणि मागच्या बाजूंना बसवलेल्या जादा चाकांपाशी सुंभाच्या गाठी स्वतः मारल्या. टेम्पोवाला मी बांधतो म्हणत होता, पण त्यांचा त्याच्या गाठीवर भरवसा नव्हता. चिपळूणजवळच्या आमच्या वाडीतून नोकरीसाठी बाहेर पडलेली मी काही पहिली नव्हे. पण लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेली आणि तरी एकटी निघालेली मीच पहिली. आई एवढंच म्हणाली, "खोली कशीपण चालेल गो, पण गाडी दाराशी राहूदे."

अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. सुरुवातीला उल्हासनगरला मावशीकडे राहिले. मावशीने हातचं काही राखून ठेवलं नाही, पण इमारत जुनी, स्कूटर रस्त्यावर. एका सकाळी खाली उतरले तर दुकानाचा माल उतरवायला कुणीतरी ती ओढून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली होती. मधे नुसती रहदारी. कुबडी घेऊन तो रस्ता ओलांडायची हिंमत झाली नाही. भिंतीला धरून उभी राहिले, मावशीच्या शेजारची बाई दूध घेऊन येईपर्यंत. कामावर उशीर झाला त्याचं काही नाही. माझे पाय कुणीतरी मला न विचारता उचलून ठेवले, ते सलत राहिलं. त्याच संध्याकाळी मावशीला सांगितलं, मी घर बघते.

तुमच्यातले जे असेच बाहेर पडलेत, त्यांना एजंटच्या मागे हिंडलेले रविवार वेगळे सांगायला नकोत. माझे एजंट सिंधी होते, माणूस भला. शिवमंदिराजवळ त्यांनी हवेशीर फ्लॅट दाखवला. लिफ्ट होती, पण पार्किंग फक्त ओनरला. बदलापूरला जागा मोकळी होती, तर तिथले चेअरमन माझी बाजूची चाकं बघून म्हणाले, ही दोन बाइकची जागा खाते, गेटबाहेर लावा. पालेगावात पार्किंग मिळत होतं आणि लिफ्ट अजून यायची होती. शेवटी एजंट कंटाळून म्हणाले, "मॅडम, पार्किंग की जिद छोड़ दो, घर बहुत हैं."

मी म्हटलं, "भाईसाब, घर बाद में दिखाना. पहले पार्किंग दिखाओ."

तेव्हापासून मी उलटं सुरू केलं. आधी खाली उभी राहायची, गाडीपासून लिफ्टपर्यंत एकदा चालून बघायची आणि जमलं तरच वर जायची. किचन केवढं, गॅलरी कुठल्या दिशेला, हे प्रश्न मी सोडूनच दिले होते.

चिखलोलीत लिफ्टसमोरच्या खांबापाशी एक जागा दिसली. तिथे प्लास्टिकवर सुकट वाळत घातली होती. जागा वेणूबाईंची. त्यांचं शेत बिल्डरने घेतलं, बदल्यात दोन फ्लॅट, त्यातला एक भाड्याने द्यायचा होता, आणि हे पार्किंग मिळालं, आणि घरात गाडी कुणाचीच नव्हती. त्यांनी माझ्या कुबडीकडे बघितलं, स्कूटरकडे बघितलं आणि सुकट गोळा करायला लागल्या. "लाव गो हितं," म्हणाल्या.

पण सोसायटीचा नियम होता, भाडेकरूची गाडी बाहेर. मीटिंग बोलावली. सेक्रेटरी सभ्यपणे बोलले. एकाला दिलं की उद्या सगळे मागतील, म्हणाले. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. खुर्ची पुढे केली होती, तरी मी उभं राहूनच बोलले.

"मी सवलत मागत नाहीये. जागा वेणूबाईंची आहे, त्या मला देतायत. तुमची गाडी बाहेर राहिली तर तुम्ही चालत आत याल. माझी राहिली तर मी घरी पोचणार नाही."

मग मागून वेणूबाईंचा आवाज आला, "माझ्या शेताव उभी हाय ही बिल्डिंग. हिची गारी हितंच राहील."

अकरा महिन्यांच्या करारापुरतं मान्य झालं. नियम अजून तोच आहे. करार संपला की मी पुन्हा मीटिंगला जाते, पुन्हा बोलते आणि जागा पुन्हा माझी होते. आता मला त्याचं ओझं वाटत नाही.

मध्यंतरी आबा येऊन गेले. फ्लॅटबद्दल फार बोलले नाहीत. दोनदा मात्र खाली गेले आणि पार्किंगमधून लिफ्टकडे चढणाऱ्या उतारावर पाय घासून बघत राहिले. मला वाटलं, करमत नसेल.

यंदा गणपतीला स्कूटरसकट गावी गेले. अंगणातून थेट पडवीपर्यंत सिमेंटचा नवा उतार केलेला होता, घसरू नये म्हणून वर आडव्या रेघा ओढलेल्या. आई म्हणाली, तुझ्याकडून आले ते त्याच कामाला लागले. आबा मखराला झेंडूची माळ लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी पटकन वाडीचं नाव सांगायची. मधली काही वर्षं नुसतीच अडखळायची. आता एवढं कळलंय, की जिथे पोचल्यावर कुणाला हाक मारावी लागत नाही ते माझं घर. चिखलोलीचं ते मी भांडून मिळवलं. गावचं, त्या दिवशी झालं. हॉर्न न वाजवता मी स्कूटर पडवीत नेली आणि किल्ली काढून घेतली.