‘ण’ नसलेला जबाब

अख्ख्या वसई तालुक्यात रस्त्याच्या कडेने चालणारा एकच माणूस आहे आणि तो माझा सासरा आहे. हे मी कौतुकाने सांगतोय असं कोणी समजू नये. मी रागाने सांगतोय. कारण नेमक्या ह्याच माणसाला डंपरने उडवलं, आणि चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर सरकारी कागदावर कायमचं लिहिलेलं राहिलं ते असं, की हा गृहस्थ भिंतीच्या कोनाआडून अचानक रस्त्यात आला. अचानक! माझे सासरे आयुष्यात कुठेही अचानक गेलेले नाहीत. आमच्याकडे यायचं असलं तर ते आदल्या दिवशी फोन करतात, निघताना करतात, मनवेलपाड्याच्या नाक्यावर उतरले की पुन्हा करतात आणि तरीही बेल वाजवून दारापासून तीन पावलं मागे उभे राहतात, का तर दार उघडणाऱ्याला अडचण नको.

कोणाला आपली अडचण होऊ नये हा त्यांचा धर्मच आहे, आणि तो त्यांनी इतका कडक पाळला आहे की त्याचा इतरांना अतोनात त्रास होतो. लग्नाच्या पंगतीत ते खांबामागची जागा धरतात आणि वाढप्याला ते दिसतच नाहीत. मग अर्धं लग्न त्यांना शोधत फिरतं. आमच्या लग्नाच्या फोटोत सासरे फक्त एका कानाइतके आहेत. फोटोग्राफरने दहा वेळा ‘काका, आत या’ म्हटलं, पण दहाही वेळा ते ‘माझं काय, नवरा-नवरी येऊ दे’ म्हणत बाहेर सरकले. नायगावच्या खाडीकाठी त्यांची थोडी भातशेती आहे. तिथे बांधावर चिटपाखरू नसतानाही ते बांधाच्या एका कडेने चालतात, मधली वाट कोणासाठी मोकळी ठेवतात देव जाणे. सायकलवरून जाताना समोर कुत्रं आडवं झोपलेलं दिसलं तर खाली उतरतात, सायकल हातात धरून त्याला वळसा घालतात आणि मग पुन्हा चढतात. बायको म्हणते, लहानपणी वडिलांबरोबर बाजारात जायचं म्हणजे दुप्पट वेळ धरावा लागे.

मी साताऱ्याकडचा आणि विरारच्या एका शाळेत मराठीचा मास्तर. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाला स्वतःच्या भाषेचा किती माज चढतो ते मी सांगायला नको. माझ्या सासरच्या घरात ‘ण’ हे अक्षर नाही. सगळ्या गावातच नाही. पिढ्यानपिढ्या ही माणसं जिथे आम्ही ‘ण’ म्हणतो तिथे स्वच्छ, मोकळा ‘न’ म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी त्या घरात मनातल्या मनात लाल पेन घेऊन जेवलो. सासऱ्यांना मात्र माझ्या मराठीचा भलता आदर. वीजबिलाची तक्रार असो की सातबाऱ्याचा अर्ज, लिहायला मीच हवा. मी लिहिलेला अर्ज ते दोन्ही हातांनी धरून वाचत आणि म्हणत, “जावय, तुमचं वाचलं की वाटतं सरकारच बोलतंय.” मी खूश होत असे. आता ते वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

अपघात झाला तो सकाळी, लख्ख उजेडात. खाडीकाठी नवे टॉवर येतायत, त्यांच्या भरावासाठी मातीचे डंपर गावातल्या रस्त्यावरून दिवसभर धावतात. ज्या रस्त्यावर दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला थांबावं लागतं, तिथून हे डंपर बापाचा रस्ता असल्यासारखे जातात. सासरे डंपर दिसला की उतरून उभे राहत आणि तो पुढे गेला की त्याच्या धुळीत उभं राहून ओरडत, “सावकास जा रं बाबा, तुझी आय वाट बघत असंल!” त्यांच्या रागाची ही परिसीमा. त्या दिवशी डंपर मागून आला. सासरे नेहमीप्रमाणे रस्त्याच्या इतके कडेला होते की त्याहून कडेला फक्त गटार होतं. डंपरने त्यांना सायकलसकट त्यात फेकलं. उजवा गुडघा असा चुरला की डॉक्टरांनी पट्ट्या-स्क्रू घालून तो जेमतेम जागेवर आणला. चालता येईल, म्हणाले, पण उकिडवं बसणं आणि चिखलात उतरणं विसरा. भात लावणाऱ्या माणसाला हे सांगायचं म्हणजे तू आता पाहुणा, असंच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये एक हवालदार जबाब घ्यायला आला. सासरे वेदनेने पांढरे पडलेले. आधी त्यांनी हवालदाराला बसायला खुर्ची मिळाली का ते विचारलं. मग काय झालं ते सांगताना ते कळवळून म्हणाले, “मी कोनाच्या आड आलो? आपला कडंनं चाललो होतो.” हा प्रश्न होता. संतापाने विचारलेला प्रश्न. मी कोणाच्या आड आलो, कोणाची वाट अडवली, मला का म्हणून उडवलं? त्या माणसाच्या साऱ्या आयुष्याचा सारांश त्या प्रश्नात होता. हवालदार परमुलखातला होता, घाईत होता आणि अपघाताच्या जागी टॉवरच्या कुंपणाच्या भिंतीचा एक कोन होता, तो त्याने पंचनाम्यात सकाळीच लिहिलेला होता. त्याने प्रश्नचिन्ह खाल्लं, ‘आड’चं ‘आडून’ केलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मी कोनाच्या आडून आलो व कडेने चाललो होतो.’ सासऱ्यांनी चष्म्याशिवाय सही केली. चष्मा गटारात होता.

मी त्याच खोलीत होतो. सफरचंद कापत होतो.

नुकसानभरपाईचा दावा वसईच्या कोर्टात लागला आणि विमा कंपनीच्या वकिलाने पहिल्याच उत्तरात तो जबाब पुढे केला. अर्जदार स्वतःच कबूल करतो की तो कोनाआडून आला. सबब अपघातात अर्जदाराचाही निष्काळजीपणा आहे. आमच्या वकिलांनी हे वाचून दाखवलं तेव्हा सासऱ्यांना ते कळायलाच पाच मिनिटं लागली. कळल्यावर ते पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिले, “पन मी असं बोल्लोच नाय. मी असं करनारच नाय.” भरपाई किती, कधी, हे त्यांनी त्यानंतर एकदाही विचारलं नाही. त्यांना कागदावर एकच गोष्ट हवी होती, की मी रस्त्याच्या कडेला होतो आणि चूक डंपरवाल्याची होती. जबाबाची झेरॉक्स त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर बाळगायला सुरुवात केली. केस कापायला गेले तरी ती न्हाव्याला वाचायला देत. टॉवरच्या गेटवरच्या वॉचमनला, ज्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, त्यालाही त्यांनी ती दाखवली आणि त्या बिचाऱ्याने “गलत है चाचा, एकदम गलत” असं सांगून त्यांना जो दिलासा दिला तो आम्हां शिकलेल्यांना देता आला नाही.

मग लोकअदालत आली. तिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून मिटवायला सांगतात. आमच्या वकिलांनी समजावलं, “काका, घेऊन टाका. खटला चालवला तर पुरावा, साक्षी, उलटतपासणी, मग वरच्या कोर्टात अपील. तडजोड केली की आज मोकळे.”

“मंग कागदावर चूक कोनाची लिवनार?”

“तडजोडीत चूक कोणाचीच नसते, काका.”

“मंग मला उडवला कोनी?”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो. मला उगाच वाटून गेलं, हेही कोणी लिहून घेतलं तर उद्या भिंतीच्या कोनावरच गुन्हा दाखल व्हायचा. सासरे हसले नाहीत. उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि लंगडत बाहेर गेले. त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडलो. मी म्हटलं, मामा, एका अक्षरापायी किती ताणायचं? तुमच्याकडे बघून कोर्टाला दया येणार आहे का? ते शांतपणे म्हणाले, “दया नको. मी कोनाला दया मागतलीच नाय.”

खटला पुढे चालला. चालला म्हणजे बसला. साहेब रजेवर, साहेबांची बदली, नवे साहेब आलेले नाहीत, विमा कंपनीच्या वकिलाची प्रकृती बरी नाही. त्या वकिलाइतका नाजूक माणूस मी पाहिला नाही. दर तारखेला त्याला काहीतरी होत असे आणि पुढची तारीख मिळाली की तो तरतरीत दिसत असे. अपघात डोळ्यांनी पाहिलेली एकच साक्षीदार होती, पाचूबंदरची एक मासेवाली. ती त्या वेळी रस्त्याकडेला पाटी घेऊन बसली होती आणि तिनेच सासऱ्यांना गटारातून ओढून काढलं होतं. दर तारखेला ती यायची. पाटी कोर्टात नेता येत नाही म्हणून आमच्यापैकी एकजण बाहेर पाटीपाशी बसायचा. दुपारी पुकारा व्हायचा, पुढची तारीख मिळायची, आणि सासरे ओशाळून तिची उरलेली सगळी मासळी विकत घ्यायचे. आमच्या खटल्याच्या तारखा मला मासळीवरून आठवतात. साहेबांची बदली झाली तेव्हा बोंबील होते, वकिलाची पाठ धरली तेव्हा मांदेली. फ्रीजला दुसरा वास राहिला नव्हता. सासूबाई म्हणायच्या, “न्याय मिळंपर्यंत खाडी रिकामी होनार.”

एकदा तारीख पुन्हा पुढे गेली तेव्हा बाहेर पाटी नव्हतीच. मासेवाली एकटीच बाकावर बसली होती. मी विचारलं तेव्हा कळलं, कोर्टापायी कितीतरी दिवस सकाळचा बाजार चुकल्यामुळे तिथली तिची बसायची जागा दुसरीने धरली होती. ती आमच्यावर चिडली नव्हती. उलट सासऱ्यांना म्हणाली, “काका, पुढच्या टायमाला बी येते मी. मी बगितलंय ना. तुमी कडंलाच होतात.” रिक्षात बसल्यावर सासरे म्हणाले, “जावय, वकिलाला सांगा, मिटवून टाका.”

मला आनंद झाला. हे मी लपवत नाही. रजा वाचली, खेटे संपले, माझंच ऐकलं शेवटी, असं वाटलं. तडजोडीची पुरशीस तयार झाली, म्हणजे आमचं आपसांत मिटलं असं दोघांनी कोर्टाला लिहून दिलेला कागद. सासऱ्यांनी तो चष्मा लावून, बोट फिरवत, दोनदा वाचला. ते ‘चूक’ हा शब्द शोधत होते. तो नव्हता. कोणाचाच काही दोष नव्हता. माणूस आपोआप गटारात पडला होता आणि गुडघा आपोआप मोडला होता. त्यांनी अगदी समासाला चिकटून, बारीक अक्षरात सही केली. वकील म्हणाले, “काका, मध्ये करा, भरपूर जागा आहे.” ते म्हणाले, “राहू दे.” मासेवालीला तिची जागा मिळवून द्यायला ते त्यानंतर आठवडाभर बाजारात जाऊन बसले होते. ती मिळाली. ह्या एवढ्या प्रकरणात कोणाला काही परत मिळालं असेल तर तेवढंच.

लावणीच्या दिवसांत ते बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि बायका आवण, म्हणजे लावायची भातरोपं, घेऊन आल्या की खुर्ची उचलून बाजूला होतात. पिशवीतली झेरॉक्स दिसेनाशी झाली. बोलणंही कमी झालं. गेल्या महिन्यात ते एकटेच आमच्याकडे आले, नेहमीप्रमाणे तीन फोन करून. बायको शाळेतल्या सभेला गेली होती. मी चहा आणून ठेवल्यावर वर्गातल्या मुलासारखे ताठ होऊन म्हणाले, “जावय, एक काम हाय. मला तो न शिकवा.”

“कुठला न?”

“तो. तुमचा. बानाचा.”

मी हसणार होतो. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू जागीच विरलं. म्हटलं, “कशाला आता?”

“परत कंदी जबाब द्याची पाळी आली तर... लिवनाऱ्याला तरास नको.”

मला इतका राग आला की कप खाली ठेवावा लागला. त्या हवालदाराचा, त्या नाजूक वकिलाचा, डंपरचा, कोणाचीच चूक नसलेल्या त्या कागदाचा. मी जवळजवळ ओरडलोच, “मामा, काही शिकायचं नाही! तुमचा न बरोबर आहे. तुम्ही बरोबर बोललात. तुमच्या गावात सगळे असंच बोलतात, ऐकणाऱ्याला कळलं नाही ही त्याची चूक. मी मराठीचा शिक्षक आहे, मी सांगतो!”

त्यांच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, राग तर नव्हताच. खूप दिवसांनी कोणीतरी हवं ते वाक्य बोलल्यावर होतो तसा निवांत झाला होता चेहरा.

“हे तुमी तितं बोलायला पायजे होतं, जावय,” ते हळूच म्हणाले.

चार वर्षांत मी त्यांचे अर्ज लिहिले, रजा टाकल्या, मासळीच्या पाटीपाशी बसलो. पण उभं राहून एवढं सांगावं हे मला कधी सुचलंच नव्हतं. चहा संपवून त्यांनी दोन्ही कप उचलले, मी नको म्हणत असतानाही मोरीत नेऊन विसळले, आणि मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून पावसापाण्याचं बोलत बसले.