भंडाऱ्यावरची जबानी

सोजराबाईला काही विचारलं, की ती लगेच उत्तर देत नसे. आधी विचारणाऱ्याकडे नीट बघे, मग डोक्यावरचा पदर सारखा करी, आणि तेवढ्या वेळात विचारणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येई. "अगं, ताक हाय का न्हाई, येवढंच इचारलं!" असं शेजारची धोंडाबाई कितीदा तरी कावली होती. पण सोजराबाई आत जाऊन, गाडगं बघून, मगच सांगायची. ताक असलं तर आहे, नसलं तर नाही.

विंझर गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत त्यांचा धनगरवाडा. मोजकी घरं, म्हशी, शेरडं, आणि डोक्यावर मोठं पठार. पठारावर एक झरा होता. फाल्गुन सरला की खालचे ओढे कोरडे पडत आणि सगळ्या वाड्याची जनावरं त्या एका झऱ्यावर जगत. सोजराबाईचा सासरा गेनबा हा वाड्याचा कारभारी. त्याच्या शब्दाबाहेर तिथं कुणी जात नसे, आणि तिचा नवरा नाथा तर मुळीच नाही.

या वाड्याला एक खोड होती. सरकारी माणसानं काहीही विचारलं तरी 'व्हय' म्हणायचं. रानाचा शिपाई म्हणे, "शेरडं रानात शिरली होती ना?" व्हय साहेब. लगेच म्हणे, "की नव्हती शिरली?" न्हवती शिरली, व्हय साहेब. यात लबाडी नव्हती हो! 'नाही' म्हटलं की साहेब बसून राहतो, आवाज चढवतो; 'व्हय' म्हटलं की दूध पिऊन वाटेला लागतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पाहुण्याला तोडून बोलणं जिवावर यायचं, हेही होतंच.

आपसात मात्र हीच माणसं शब्दाला फार जपत. कुणाची रेडी कुणाच्या गोठ्यात सापडली, पाण्यावरून तंटा झाला, की देव्हाऱ्यातला भंडारा तळहातावर घेऊन बोलायचं. बोलणं संपलं की ऐकणाऱ्यांनी त्यातली चिमूट कपाळाला लावायची. लावली म्हणजे शब्द मानला. कुणीच लावली नाही, तर तो भंडारा देवाच्या डबीत परत टाकता येत नसे. बोलणाऱ्यानं तो फडक्यात वेगळा बांधून ठेवायचा. अशी पुरचुंडी घरात असणं ही मोठी नामुष्की समजत.

भोर संस्थान विलीन होऊन चार-सहा वर्षं उलटली होती. चैत्रातल्या एका सांजेला सोजराबाई चुकार म्हैस शोधत पठारावर गेली. म्हैस झऱ्यावर पाणी पीत होती. दिवस नुकताच मावळलेला. तोरण्याच्या बाजूनं एक उजेड आला. आला म्हणजे सरकत आला, ना घरघर ना सूं-सूं. पांढरा होता, पण त्याला कडा नव्हत्या. झऱ्याच्या बरोबर वर येऊन तो थांबला. म्हशीनं मान वर केली, तिच्या तोंडातून पाणी ठिबकत राहिलं. मग कंदिलाची वात खाली करावी तसा तो उजेड बारीक होत गेला आणि नाहीसा झाला. सोजराबाईला भीती वाटली नाही, नवल वाटलं. ती म्हैस घेऊन घरी आली आणि घरच्यांना पाहिलं तेवढं सांगितलं.

पण तो उजेड खालच्यांनीही पाहिला होता. विंझरपासून सडकेवरच्या किकवीपर्यंत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे रथ होता, कुणी म्हणे शत्रूचं विमान, आणि कुणाकुणाला तर त्यात बसलेली माणसंही दिसली. बोलणी पुण्यापर्यंत पोचली आणि एक दिवस पलटणीची जीप विंझरला येऊन थांबली. चौकशीला आलेला कप्तान मराठी बोलणारा, तरुण आणि जिद्दीचा होता. खालच्या गावांतली माणसं विचारून झाल्यावर तो दोन जवानांना घेऊन डोंगर चढू लागला.

साहेब चढतोय म्हटल्यावर गेनबानं सगळ्यांना जांभळीखाली गोळा केलं.

"ह्ये बगा," तो म्हणाला, "पठाराचं नाव कुणी काढायचं न्हाई. पल्टन वर बसली तर जनावरं पाजायची कुटं? पानी गेलं तर आपुन गेलो."

त्याचं काही चुकीचं नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोजराबाई दाराआड उभी होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं मान डोलावली नाही.

कप्तान आला. घोंगडीवर बसला. त्यानं एकेकाला विचारायला सुरुवात केली.

"ती वस्तू गोल होती?"

"व्हय साहेब."

"की लांबट?"

"लांबट बी व्हती."

"आवाज होता?"

"लई."

"पण खाली तर म्हणाले, आवाज नव्हता."

"मग न्हवता, साहेब."

कप्तानानं कपाळ पुसलं. "मग काय उडणारी म्हैस होती?"

गेनबानं थोडा विचार केला. "आसंल साहेब."

कप्तान खो खो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि जवानांना म्हणाला, "चला. सगळीकडे हेच. लिहून टाकू, या डोंगरातल्या माणसांच्या शब्दाला काही अर्थ नाही."

सोजराबाई दुधाचा तांब्या घेऊन बाहेर येत होती. ते वाक्य तिच्या कानावर पडलं आणि तिच्या अंगाची लाहीलाही झाली. तिच्या माणसांना कुणी अडाणी म्हणालं असतं तर तिनं सोडून दिलं असतं. गरीब म्हणालं असतं तरी चाललं असतं. पण शब्दाला अर्थ नाही? ज्या वाड्यात एका रेडीसाठी माणसं भंडारा उचलतात, त्या वाड्याच्या?

तिनं तांब्या तिथंच खाली ठेवला. आत गेली. देव्हाऱ्यातली डबी उघडली, मूठभर भंडारा तळहातावर घेतला आणि पुरुषांच्या मधून चालत कप्तानापुढे येऊन उभी राहिली. वाड्यात आजवर बाईमाणसानं भंडारा उचलला नव्हता. नाथा अर्धवट उठला आणि बापाकडे बघून खाली बसला.

"आता इचारा, साहेब," ती म्हणाली. "म्या बगितलंय. ज्यांनी बगितलं न्हाई त्यांनी गप ऱ्हावं."

कप्तान चमकला. त्यानं टोपण काढलं.

"गोल होतं?"

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. डाव्या हातानं पदर सारखा केला. "न्हाई."

"लांबट?"

"न्हाई."

"मागं आगीचं शेपूट होतं?" हे त्यानं मुद्दाम, बनवून विचारलं होतं.

"न्हाई."

"मग काय होतं ते?"

"मला ठावं न्हाई. उजेड व्हता. त्याला कडा न्हवत्या."

कप्तानाच्या तोंडावरचा कंटाळा उतरला. इतक्या गावांत 'ठाऊक नाही' म्हणणारं पहिलं माणूस त्याला भेटलं होतं. तो पुढे सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, गेला कुठं तो उजेड?"

गेनबा सुनेकडे बघत होता. त्या नजरेत राग कमी आणि विनवणीच जास्त होती. सोजराबाईला म्हशी आठवल्या, तो एकुलता झरा आठवला. पण तळहातावर भंडारा होता.

"पठारावर," ती म्हणाली. "झऱ्याच्या वर थांबला. तितंच इझला."

मग तिनं तळहात पुढे केला. कप्तानाला ती रीत माहीत नव्हती. तो घाईघाईनं लिहीत राहिला. सोजराबाई सासऱ्याकडे वळली. गेनबानं तोंड फिरवलं. नाथानं मान खाली घातली. धोंडाबाईनंसुद्धा चिमूट उचलली नाही. सोजराबाई आत गेली आणि तिनं तो भंडारा फडक्यात बांधून, देव्हाऱ्यापासून लांब, कोनाड्यात ठेवला.

गेनबाला भीती होती तसंच झालं. पलटणीनं पठारावर तंबू ठोकले, दगडांना चुना लावून हद्द आखली, जनावरांना बंदी केली. जवान दुर्बिणी लावून आभाळ बघत, गवत चाळत, माती डब्यांत भरत. वाड्याची जनावरं रोज पार खाली कानंदी नदीवर न्यावी लागली. म्हशी आटल्या. धोंडाबाईनं विस्तव मागायला येणं बंद केलं. गेनबा सुनेच्या हातचं जेवत होता, पण तिच्याशी बोलत नव्हता.

एकदा नाथानंच विचारलं, "थोडं कमी सांगितलं आस्तंस तर काय बिघडलं आस्तं?"

"त्यो साहेब गेला आस्ता," ती म्हणाली. "भंडारा हितंच ऱ्हायला आस्ता. त्येला काय तोंड दावलं आस्तं?"

पावसाच्या तोंडावर तंबू हलले. उतरताना कप्तान तिच्या दाराशी थांबला. "बाई, काही सापडलं नाही."

"सापडंल आसं म्या कुटं म्हनलं व्हतं? म्या बगितलं म्हनलं."

कप्तान हसला. या वेळी खरंखुरं.

दिवाळीनंतर किकवीचा एक शेतकरी म्हैस घ्यायला वाड्यावर आला. म्हैस गेनबाची. दूध नीट देते का, असं त्यानं विचारलं आणि सवयीनं 'व्हय' गेनबाच्या ओठांवर आलं. पण कोण जाणे काय झालं, नजर घराकडे गेली, आणि त्याच्या तोंडून निघालं, "न्हाई. एका सडातनं दूध येत न्हाई." म्हैस काही विकली जात नाही, असं धरून तो तिला गोठ्यात परत न्यायला दावं सोडवायला वाकला. शेतकऱ्यानं त्याचा हात धरला.

"आसू द्या, नेतो मी. तुमी सांगितलं, झालं. त्या कप्तानापुढं न्हाई म्हननारी बाई ह्याच वाड्याची न्हवं?"

गेनबानं दावं सोडून त्याच्या हातात दिलं. मग म्हणाला, "माज्या घरची."

पुढच्या उन्हाळ्यात विंझरला पुन्हा बोभाटा झाला. या खेपेला म्हणे एक सोडून तीन उजेड. पुन्हा जीप आली. पण कप्तान खाली कुणाला विचारत बसला नाही, तडक डोंगर चढून जांभळीखाली आला. त्याची ती जुनी वही अजून उघडायची होती, तोच गेनबा उभा राहिला.

"साहेब, आमी त्या सांजंला बाजारात व्हतो. आमी कायबी बगितलं न्हाई. सुनबाई हितं व्हती. ती सांगंल त्यो समद्या वाड्याचा शबुद."

सोजराबाई दाराआड होती. आपण ऐकलं ते खरं का, हेच तिला कळेना. ती बाहेर आली. तिनं कप्तानाकडे नीट बघितलं, पदर सारखा केला.

"न्हाई साहेब. औंदा म्या बी कायबी बगितलं न्हाई."

"मग खालचे म्हणतात ते?"

"त्यांचं त्यांस्नी ठावं."

कप्तानानं वही मिटली. एवढा डोंगर चढून आल्यावर पदरात एक 'नाही' पडलं होतं आणि गडी खुशीत दिसत होता. "झालं माझं काम," तो म्हणाला. "दूध मिळेल का?"

"दूध मागनं देतो," गेनबा म्हणाला. मग वर्षभरात पहिल्यांदा तो सुनेकडे वळून बोलला. "सोजरा, ती पुरचुंडी हाय न्हवं? आन."

तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते न पुसताच ती आत गेली, कोनाड्यातलं फडकं आणलं, गाठ सोडली आणि भंडारा तळहातावर घेतला. रंग जरा उतरला होता. गेनबानं पुढे होऊन पहिली चिमूट उचलली आणि कपाळभर लावली. त्याच्यामागून नाथानं लावली, धोंडाबाईनं लावली, मग अख्ख्या वाड्यानं. अशी ताठ मान सोजराबाईची लग्नातही नव्हती.

कप्तान बाजूला उभा राहून बघत होता. काय चाललंय ते गेनबानं त्याला थोडक्यात सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे मागच्या साली हा हात माझ्यापुढेही धरला होता," तो म्हणाला. "आता भंडारा लावला तर चालेल का, बाई?"

सोजराबाईनं लगेच उत्तर दिलं नाही. त्याच्याकडे नीट बघितलं. डाव्या हातानं पदर सारखा केला.

"व्हय," ती म्हणाली.

कप्तानानं टोपी काढली आणि तो वाकला.